जिराच्या डेटाबेसवरून महिन्याचा रिपोर्ट: आधी इतिहासाचं टेबल बांधा

प्रश्न: आमच्याकडे जिरा डेटा सेंटर आहे (कामाची तिकिटं नोंदून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेलं), डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस. दर महिन्याला वरिष्ठांना तीन आकडे लागतात: महिनाअखेर किती तिकिटं उघडी होती, तिकीट पूर्ण व्हायला किती दिवस लागले आणि त्यातले किती दिवस ते कुठल्या टप्प्यावर पडून होतं. जिराइश्यू टेबलावर क्वेरी लिहून पॉवर बीआय या रिपोर्ट बनवणाऱ्या साधनाला जोडली आहे. पण आकडे जिराच्या स्क्रीनशी जुळत नाहीत आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट आज पुन्हा चालवला तर वेगळाच येतो. कुठे चुकतंय?

उत्तर:

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण निदान तिथेच आहे. जिराइश्यू टेबलात प्रत्येक तिकिटाची एकच ओळ असते आणि त्या ओळीत फक्त आत्ताची स्थिती असते. ३१ जुलैला टेस्टिंगमध्ये असलेलं तिकीट ५ ऑगस्टला बंद झालं की जुलैअखेरची स्थिती त्या ओळीतून कायमची जाते. त्यामुळे 'जुलैअखेर किती उघडी होती' याचं उत्तर या टेबलात मिळणारच नाही, क्वेरी कितीही हुशारीने लिहिली तरी. इतिहास दुसऱ्या दोन टेबलांत आहे, चेंजग्रुप आणि चेंजआयटम. त्यांच्यापासून 'कोणतं तिकीट, कोणत्या स्थितीत, कधीपासून कधीपर्यंत' असं एक मध्यांतरांचं टेबल आधी बांधायचं. तुमचे तिन्ही आकडे त्याच एका टेबलातून निघतात. बहुतेक ठिकाणी हे टेबल सर्वांत शेवटी सुचतं आणि तोवर वीस-पंचवीस क्वेऱ्या जिराइश्यूवर लिहून झालेल्या असतात.

पण त्याआधी, क्वेरी कुठे चालवताय? चालू डेटाबेसवर थेट नको. वाचनासाठी रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत, घ्या, तिथे फक्त सिलेक्टची परवानगी असलेला वेगळा यूजर ठेवा आणि त्याला स्टेटमेंट टाइमआउट लावा. रेप्लिकेवर लांब क्वेरी मध्येच तुटते आणि 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' असा संदेश येतो. कारण मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूम या सफाईच्या प्रक्रियेने जुन्या ओळी साफ केल्या, ते बदल रेप्लिकेवर लागू व्हायला आले आणि तुमची क्वेरी त्याच जुन्या ओळी वाचत होती. रेप्लिका अशा वेळी थोडं थांबते आणि मग क्वेरी रद्द करते. हे थांबणं मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले या सेटिंगने ठरतं, मूळ किंमत ३० सेकंद. ती वाढवता येते, किंवा हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (रेप्लिका कोणत्या ओळी वाचतेय हे मुख्य सर्व्हरला कळवणं) चालू करता येतो; पण फीडबॅक चालू केला तर मुख्य सर्व्हरवरच्या जुन्या ओळी साचून राहतात. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे रेप्लिकेवरून रोज रात्री लागणारी टेबलं वेगळ्या रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये ओढायची आणि पॉवर बीआय फक्त त्याला जोडायचं. हवे तेवढे इंडेक्स तिथे टाका. जिराच्या मूळ स्कीमाला हात लावू नका.

डेटाबेसमध्ये थेट लिहायचा मोह तर अजिबात नको. 'एकच स्टेटस बदलायचं होतं' म्हणून अपडेट चालवला जातो. जिराच्या मेमरीतल्या कॅशला आणि ल्युसीन या सर्च इंडेक्सला त्याचा पत्ता लागत नाही. स्क्रीन एक सांगते, सर्च दुसरं आणि डेटाबेस तिसरं. शिवाय चेंजआयटममध्ये त्या बदलाची नोंद होत नाही, म्हणजे आपण जो इतिहास वापरणार आहोत त्यालाच भोक पडतं.

मध्यांतरांचं टेबल

चेंजग्रुपमध्ये तिकिटाचा आयडी, बदल करणारा आणि बदलाची वेळ असते. एका वेळी 'सेव्ह' दाबल्यावर तीन फील्ड बदलली असतील तर चेंजग्रुपची ओळ एक आणि तिला जोडलेल्या चेंजआयटमच्या ओळी तीन. चेंजआयटममध्ये फील्ड, ओल्डव्हॅल्यू, ओल्डस्ट्रिंग, न्यूव्हॅल्यू, न्यूस्ट्रिंग हे कॉलम आहेत. व्हॅल्यूच्या कॉलमांत आयडी असतो, स्ट्रिंगच्या कॉलमांत त्या दिवशी जे नाव होतं ते. जोडणी नेहमी आयडीवर करा. अ‍ॅडमिनने 'क्यूए'चं नाव 'टेस्टिंग' केलं की जुन्या नोंदींत जुनंच नाव राहतं आणि ग्रुप बाय केल्यावर एकाच स्थितीचे दोन तुकडे पडतात.

पहिली पायरी: चेंजआयटममधून फील्ड 'स्टेटस' आणि फील्डटाइप 'जिरा' असलेल्या ओळी घ्या, ग्रुपआयडीवरून चेंजग्रुप जोडा. प्रत्येक ओळीचा अर्थ: अमुक वेळेपासून स्थिती न्यूव्हॅल्यू. फील्डटाइपची अट विसरू नका. कोणीतरी 'स्टेटस' याच नावाचं कस्टम फील्ड केलेलं असतं, त्याचे बदलही याच टेबलात येतात.

दुसरी पायरी लोक हमखास गाळतात. तिकीट जन्माला येताना स्टेटसची नोंद चेंजआयटममध्ये होत नाही. म्हणजे पहिल्या पायरीत 'नवीन' ते 'काम सुरू' हा तिकिटाचा पहिला टप्पा दिसतच नाही, आणि अनेक टीममध्ये सर्वांत जास्त वेळ नेमका तिथेच गेलेला असतो. म्हणून प्रत्येक तिकिटासाठी एक ओळ आपण घालायची. वेळ म्हणून जिराइश्यूचा क्रिएटेड. स्थिती म्हणून त्या तिकिटाच्या पहिल्या स्टेटस बदलाची ओल्डव्हॅल्यू. आणि बदल कधी झालाच नसेल तर जिराइश्यूमधलं आत्ताचं इश्यूस्टेटस. पहिला बदल शोधायला पोस्टग्रेसचं डिस्टिंक्ट ऑन सोपं पडतं: तिकिटानुसार, मग वेळेनुसार, मग आयडीनुसार क्रम लावून पहिली ओळ.

तिसरी पायरी: दोन्ही संच युनियन ऑलने एकत्र करा. नुसतं युनियन नको, ते सारख्या दिसणाऱ्या ओळी गिळतं. मग लीड या विंडो फंक्शनने त्याच तिकिटाच्या पुढच्या ओळीची वेळ आणा. पार्टिशन तिकिटाच्या आयडीवर, क्रम आधी वेळेवर आणि बरोबरी झाली तर चेंजआयटमच्या आयडीवर. आपण घातलेल्या जन्माच्या ओळीला आयडी ० द्या म्हणजे ती पुढेच राहते. ऑटोमेशन एकाच क्षणी दोन ट्रान्झिशन (स्थितीबदल) करतं तेव्हा हा दुसरा क्रम नसेल, तर कधी हा क्रम येतो, कधी तो, आणि रिपोर्ट दर वेळी थोडा हलतो. पुढची ओळ नसेल तर शेवट नल, म्हणजे रिकामा. तिकीट अजून तिथेच आहे.

ओरॅकलवर असाल तर ओल्डव्हॅल्यू आणि न्यूव्हॅल्यू हे सीएलओबी (लांब मजकूर) प्रकारचे असतात. सरळ बरोबरच्या चिन्हाने तुलना केली की ओआरए-००९३२ ही चूक येते. टू_चारमध्ये गुंडाळून घ्या. पोस्टग्रेसवर हा त्रास नाही.

टेबल झालं की पुढे जाण्याआधी एक तपासणी: प्रत्येक तिकिटाच्या शेवटच्या ओळीतली स्थिती आणि जिराइश्यूमधलं इश्यूस्टेटस एकच आहे का? जिथे नाही ती तिकिटं वेगळी काढा. कारणं साधारण ठरलेली असतात: दुसऱ्या प्रणालीतून आयात केलेली तिकिटं, ज्यांचा इतिहास आलाच नाही, किंवा वर सांगितलेला थेट अपडेट. त्याच वेळी हेही पाहा की प्रत्येक बदलाची ओल्डव्हॅल्यू आधीच्या बदलाच्या न्यूव्हॅल्यूशी जुळते का. साखळी जिथे तुटते तिथल्या तिकिटांवरून कालावधी काढू नका. गाळलेल्यांची संख्या रिपोर्टखाली लिहा.

आणखी एक भेसळ: वर्कफ्लो बदलताना जिरा शेकडो तिकिटांचं स्टेटस एका झटक्यात नव्या नावावर नेतं आणि तेही इतिहासात येतं. एकाच व्यक्तीने एकाच तासात चारशे तिकिटं हलवलेली दिसली तर ते काम झालेलं नाही, वर्कफ्लो बदललेला आहे. अशा तारखा एका छोट्या टेबलात लिहून ठेवा आणि 'महिन्यात किती हलली' या आकड्यातून वगळा.

महिनाअखेरचा आकडा

आता पहिला प्रश्न सोपा झाला. जुलैअखेर म्हणजे १ ऑगस्टचे ००:००. ज्या ओळीची सुरुवात त्या क्षणी किंवा आधी आहे आणि शेवट त्यानंतर आहे किंवा नल आहे, ती त्या तिकिटाची तेव्हाची स्थिती. प्रत्येक तिकिटाची अशी जास्तीत जास्त एकच ओळ मिळायला हवी. दोन मिळाल्या तर क्रम चुकलाय. वर्षभराचा आलेख हवा असेल तर जनरेट_सिरीजने तारखांची यादी करून ती याच अटीने जोडा, क्युम्युलेटिव्ह फ्लोचा, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या स्थितीत किती तिकिटं होती याचा, पट तयार होतो.

'उघडं' म्हणजे काय, हे मात्र ठरवावं लागतं. इश्यूस्टेटस टेबलात स्टेटसकॅटेगरी हा कॉलम आहे: २ म्हणजे करायचं आहे, ४ म्हणजे चालू, ३ म्हणजे झालं. ३ वगळलं की उघडी तिकिटं. पण हा कॉलमही 'आत्ताचा' आहे, हे ध्यानात असू द्या. अ‍ॅडमिनने 'डिप्लॉयमेंटच्या प्रतीक्षेत' ही स्थिती आज ४ वरून ३ वर नेली, तर मागच्या दोन वर्षांचा बॅकलॉग एका रात्रीत घटतो. म्हणून स्थिती आणि तिचा गट (म्हणजे ही कॅटेगरी) यांची जोडी आपल्या रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये लागू तारखेसह ठेवा आणि तिच्यावरूनच मोजा.

इतकं करूनही जुना आकडा बदलण्याचं एक कारण उरतं: तिकीट डिलीट होणं. जिरातून तिकीट डिलीट केलं की त्याची ओळ जाते, इतिहासही जातो. जुलैत होतं, याचा पुरावाच राहत नाही. तिकीट दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवलं तरी तसंच: जिराइश्यूमधला प्रोजेक्ट आजचा असतो आणि जुन्या प्रोजेक्टच्या जुलैच्या आकड्यातून ते गुपचूप नाहीसं होतं. हलवण्याची नोंद चेंजआयटममध्ये 'प्रोजेक्ट' या फील्डखाली मिळते, त्यामुळे हवं तर त्याचंही असंच मध्यांतर टेबल बांधता येतं. डिलीटवर मात्र क्वेरीचा इलाज नाही. त्यासाठी रोज रात्री तिकीट, प्रोजेक्ट, स्थिती, जबाबदार व्यक्ती आणि स्टोरी पॉइंट्स (कामाच्या आकाराचा अंदाज) एवढेच कॉलम तारखेसह एका स्नॅपशॉट टेबलात ओतायला आजपासून सुरुवात करा. वरिष्ठांकडे गेलेला आकडा स्नॅपशॉटवरचा असावा; इतिहासावरून काढलेला आकडा त्याची पडताळणी म्हणून.

किती दिवस लागले

सरासरी सांगू नका. दहा तिकिटांना १, १, २, २, ३, ३, ४, ५, ९ आणि ६० दिवस लागले असं धरा. सरासरी ९ दिवस. मध्यक (मधली किंमत) ३ दिवस. पर्सेंटाइल_कॉन्टने काढलेला ८५वा शतमक (ज्याच्या आत साधारण ८५ टक्के तिकिटं येतात ती किंमत) ७.६ दिवस. म्हणजे सरासरी ८५व्या शतमकाच्याही वर गेली आणि ती चढवली फक्त एका विसरलेल्या तिकिटाने. मध्यक आणि ८५वा शतमक ही जोडी द्या: 'निम्मी तिकिटं तीन दिवसांत, बहुतेक सगळी आठ दिवसांत' हे वाक्य बैठकीत कोणालाही कळतं.

सुरुवात आणि शेवट कोणता, हेही लिहून ठेवा. तिकीट नोंदल्यापासून बंद होईपर्यंत हा ग्राहकाचा काळ. काम सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत हा टीमचा काळ. दुसऱ्यासाठी गट ४ मधल्या पहिल्या ओळीची सुरुवात आणि गट ३ मधल्या शेवटच्या प्रवेशाची वेळ घ्यावी. 'शेवटच्या' हा शब्द महत्त्वाचा. पहिला प्रवेश धरला तर तीनदा रीओपन झालेलं तिकीटही झटपट झाल्यासारखं दिसतं. रीओपन मोजायला लॅग (आधीची ओळ आणणारं फंक्शन) वापरा: आधीची स्थिती गट ३ आणि आत्ताची २ किंवा ४.

महिन्यानुसार मोजताना तिकिटं कोणत्या महिन्यात धरायची? बंद झालेल्या महिन्यात. नोंदल्याच्या महिन्यात धरली तर चालू महिना नेहमीच सुंदर दिसतो, कारण या महिन्यात नोंदून याच महिन्यात बंद झालेली तिकिटं साहजिकच लवकर संपलेली असतात. रेंगाळणारी अजून मोजणीत आलेलीच नाहीत. त्याच कारणाने बंद तिकिटांच्या कालावधीशेजारी उघड्या तिकिटांचं वय हवंच. जुनी तिकिटं कोणी हात न लावता पडून असतील तर पहिला आकडा छान राहतो आणि दुसरा वाढत जातो.

टप्प्यानुसार वेळ म्हणजे मध्यांतर टेबलातली बेरीज, पण घड्याळाचे तास की कामाचे तास? शुक्रवारी संध्याकाळी ५ ते सोमवारी सकाळी ११ हे घड्याळाने ६६ तास आहेत. कार्यालय १० ते ७ असेल तर कामाचे फक्त ३: शुक्रवारचे २, सोमवारचा १. हे सूत्रात 'सातातून दोन दिवस वजा' असं बसवू नका. दिनदर्शिकेचं टेबल करा: तारीख, ठिकाण, कामाची सुरुवात, कामाचा शेवट. मग मध्यांतर ज्या ज्या दिवसाला स्पर्श करतं त्या दिवसाशी जोडा आणि प्रत्येक दिवसासाठी लीस्ट(दोन्ही शेवट) वजा ग्रेटेस्ट(दोन्ही सुरुवाती), ऋण आलं तर शून्य. लीस्टमध्ये नल शेवट जाऊ देऊ नका. पोस्टग्रेसचं लीस्ट नलकडे दुर्लक्ष करून उरलेली किंमत देतं, त्यामुळे तुमची दिनदर्शिका वर्षअखेरपर्यंत असेल तर उघडं तिकीट डिसेंबरपर्यंतचे तास गोळा करून बसतं. आधी कोअलेसने नलच्या जागी आत्ताची वेळ घाला. ठिकाणाचा कॉलम हवाच: १ नोव्हेंबरला बेंगळुरूच्या कार्यालयाला कन्नड राज्योत्सवाची सुट्टी असते, पुण्याला नाही.

टाइमझोनही इथेच बघून घ्या. पोस्टग्रेसवर जिराचे क्रिएटेड, अपडेटेड हे कॉलम टाइमझोनसह असतात, पण तुमचं सेशन यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असेल तर तारीख यूटीसीची निघते. १ ऑगस्टच्या पहाटे ३ ला नोंदलेलं तिकीट यूटीसीनुसार ३१ जुलैच्या रात्री ९:३० चं. रात्रपाळीची सपोर्ट टीम असेल तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातली सगळी तिकिटं आदल्या दिवसात जातात. अ‍ॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता' लावा आणि मगच तारीख कापा. अमेरिकेतल्या टीमसाठीही टाइमझोनचं नावच द्या, तासांचा फरक नको. तिथे वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं. मायएसक्यूएलवर असाल तर कॉलमला टाइमझोन नसतो आणि किंमत जिरा चालवणाऱ्या जावाच्या टाइमझोनमधली असते, तो आधी विचारून घ्या.

महिन्याची अट बिटवीनने लिहू नका. 'बिटवीन १ जुलै आणि ३१ जुलै' म्हणजे ३१ जुलैच्या ००:०० पर्यंत. ३१ तारखेचा अख्खा दिवस बाहेर. '१ जुलै किंवा नंतर, आणि १ ऑगस्टच्या आधी' असं लिहा.

स्क्रीनशी का जुळत नाही

इथे पाच-सहा कारणं असतात आणि बहुधा त्यातली दोन-तीन एकदम लागू पडतात.

पहिलं रिझोल्यूशन, म्हणजे तिकीट कसं सुटलं हे सांगणारं फील्ड. जिराचं स्वतःचं 'अनरिझॉल्व्ह्ड' हे स्टेटसवर चालत नाही. जिराइश्यूमधला रिझोल्यूशन कॉलम नल आहे का एवढंच ते बघतं. वर्कफ्लोमध्ये बंद करताना रिझोल्यूशन भरलं जात नसेल तर 'डन'मध्ये पडलेलं तिकीटही अनरिझॉल्व्ह्ड. उलटही होतं: रीओपन करताना रिझोल्यूशन पुसलं जात नाही आणि चालू तिकीट रिझॉल्व्ह्ड दिसतं. सर्वांत वाईट म्हणजे कोणीतरी 'अनरिझॉल्व्ह्ड' नावाचं रिझोल्यूशनच यादीत घातलेलं असतं. ते निवडलं की कॉलम भरतो आणि जिराच्या दृष्टीने तिकीट सुटलं. गट ३ आणि रिझोल्यूशन नल, गट ३ नाही आणि रिझोल्यूशन भरलेलं, अशा दोन मोजण्या करा. दोन्ही शून्याच्या जवळ नसतील तर आधी वर्कफ्लो दुरुस्त करून घ्या, क्वेरीला ठिगळ लावू नका.

दुसरं, जिराची स्क्रीन तुमच्या परवानगीनुसार तिकिटं दाखवते, एसक्यूएल सगळी. तुलना करताना ज्याला सगळं दिसतं अशा खात्याने जेक्यूएल (जिराची शोधभाषा) चालवा. ही फक्त आकड्यांची बाब नाही. जिराइश्यूमधल्या सिक्युरिटी कॉलममध्ये काही असेल तर ते तिकीट मोजक्या लोकांसाठी आहे. एचआरच्या किंवा सुरक्षा त्रुटीच्या तिकिटाचं शीर्षक पॉवर बीआयमध्ये सगळ्या कंपनीला दिसेल असं करू नका. रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये अशा तिकिटांचं शीर्षक आणि वर्णन ओढूच नका. मोजायला आयडी पुरतो.

तिसरं, आर्काइव्ह केलेली तिकिटं जेक्यूएलला दिसत नाहीत, पण जिराइश्यूमध्ये ओळ असते. आर्काइव्ह्ड कॉलमवर अट घाला. चौथं, सबटास्क, म्हणजे तिकिटाखालची उपकामं. बोर्डाच्या फिल्टरमध्ये ते अनेकदा वगळलेले असतात, तुमच्या मोजणीत आलेले असतात.

पाचवं आणि सर्वांत महाग: जॉइनमुळे ओळी फुगणं. फिक्स व्हर्जन आणि कंपोनंट हे जिराइश्यूमध्ये नसून नोडअसोसिएशन या टेबलात आहेत, असोसिएशन_टाइप 'इश्यूफिक्सव्हर्जन', 'इश्यूकंपोनंट' वगैरे. एका तिकिटाला ३ कंपोनंट आणि प्रत्येकी २ तासांच्या ४ वर्कलॉग (कामाच्या तासांच्या) नोंदी असतील आणि दोन्ही एकाच क्वेरीत जोडल्या तर १२ ओळी होतात. ८ तासांचं काम २४ तास दिसतं. काउंट डिस्टिंक्टने तिकिटांची संख्या सुधारते म्हणून क्वेरी बरोबर वाटते, बेरीज मात्र तिप्पटच राहते. वर्कलॉग आधी तिकिटानुसार बेरीज करून एक ओळ करा आणि मग जोडा. कंपोनंट फक्त चाळण्यासाठी हवा असेल तर जॉइनऐवजी एक्झिस्ट्स वापरा. वर्कलॉगमधला टाइमवर्क्ड सेकंदांत असतो, ३६०० ने भागा. तारखेसाठी स्टार्टडेट घ्या, क्रिएटेड नको: लोक आठवड्याचे तास शुक्रवारी एकदम भरतात.

यूजरच्या नावावरही ओळी फुगतात. असाइनी कॉलममध्ये नाव नसून यूजर की असते. ती अ‍ॅप_यूजरमधल्या यूजर_कीशी जोडा, तिथून लोअर_यूजर_नेम घेऊन सीडब्ल्यूडी_यूजरला, आणि तिथे डिस्प्ले_नेम. जिराची अंतर्गत आणि एलडॅपची (कंपनीच्या खात्यांची यादी) अशा दोन डिरेक्टरीज असतील तर सीडब्ल्यूडी_यूजरमध्ये एकच माणूस दोनदा असतो. वापरात असलेली डिरेक्टरी एकच ठरवून अट घाला. आणि जोडणी लेफ्ट जॉइनच हवी, नाहीतर कोणालाच न दिलेली तिकिटं गळतात. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये टाकली तरी तेच होतं. ती ऑनमध्ये ठेवा.

कस्टम फील्डचा गुंता वेगळाच. किमती कस्टमफील्डव्हॅल्यू टेबलात उभ्या साठवलेल्या आहेत: आकडा असेल तर नंबरव्हॅल्यू, तारीख असेल तर डेटव्हॅल्यू, लांब मजकूर टेक्स्टव्हॅल्यू आणि छोटा मजकूर स्ट्रिंगव्हॅल्यू. ड्रॉपडाउनचं मात्र स्ट्रिंगव्हॅल्यूमध्ये नाव नसतं, पर्यायाचा आयडी मजकूर म्हणून असतो. तो कस्टमफील्डऑप्शनच्या आयडीशी जोडायचा. प्रकार वेगळे असल्याने पोस्टग्रेस तक्रार करतं. आयडीला मजकुरात बदला, स्ट्रिंगव्हॅल्यूला आकड्यात नको, कारण त्याच कॉलममध्ये दुसऱ्या फील्डचा खराखुरा मजकूर असतो आणि ऑप्टिमायझरने क्रम बदलला की रूपांतर तिथे फुटतं. फील्ड नावाने शोधू नका, 'सिव्हिरिटी' नावाची तीन फील्डं सहज सापडतात. आयडी निश्चित करून तोच वापरा. एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येणारं फील्ड असेल तर प्रत्येक पर्यायाची वेगळी ओळ, म्हणजे पुन्हा तोच फुगवटा.

स्प्रिंट (कामाचे ठरावीक कालखंड) हवे असतील तर ते एओ_६०डीबी७१_स्प्रिंट या टेबलात आहेत. हे नाव मोठ्या अक्षरांत आहे, त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरणात लिहावं लागतं, नाहीतर टेबलच नाही असं उत्तर येतं. तारखा तिथे मिलिसेकंदांत आहेत: १००० ने भागून टू_टाइमस्टँप. आणि तिकिटाचा क्रमांक, उदाहरणार्थ 'पीएवाय-१२३', जिराइश्यूमध्ये तयार मिळत नाही. प्रोजेक्ट टेबलातला पीकी आणि जिराइश्यूमधला इश्यूनम जोडून तो बनवावा लागतो.

हे सगळे जोड एकदाच व्ह्यूंमध्ये (साठवलेल्या क्वेऱ्यांमध्ये) बांधा आणि पॉवर बीआयला फक्त व्ह्यू द्या. जिराच्या अपग्रेडनंतर एखादा कॉलम बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. मध्यांतरांचं टेबल मात्र साधा व्ह्यू ठेवू नका. चेंजआयटम सहसा मोठ्या टेबलांपैकी असतं आणि प्रत्येक रिफ्रेशला लीड चालवणं परवडत नाही. मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू, करा. त्यावर तिकीट आणि त्या तिकिटातल्या ओळीचा अनुक्रमांक असा युनिक इंडेक्स टाका, म्हणजे रिफ्रेश कन्करंटली चालतं आणि रिफ्रेश होत असताना रिपोर्ट अडकत नाहीत.

पुढेमागे जिराच्या क्लाउड आवृत्तीवर जाणार असाल तर तिथे डेटाबेस थेट मिळत नाही. तिकिटं चेंजलॉगसह रेस्ट एपीआयने ओढावी लागतात. मध्यांतरांचं टेबल आणि त्यावरचे रिपोर्ट तसेच राहतात, फक्त भरण्याची वाट बदलते. 'मागच्या वेळेनंतर अपडेट झालेली' अशा अटीने ओढताना तासाभराचा ओव्हरलॅप ठेवा (मागचा तास पुन्हा ओढा), कारण जेक्यूएलमधली वेळ मिनिटापर्यंतच धरली जाते आणि ती खात्याच्या टाइमझोनमध्ये वाचली जाते. डिलीट झालेली तिकिटं अशा अटीत कधीच येत नाहीत. आठवड्यातून एकदा सगळ्या आयडींची यादी आणून ताडून पाहा.

रिपोर्ट पाठवण्याआधी दहा तिकिटं निवडा: दोन रीओपन झालेली, दोन प्रोजेक्ट बदललेली, एक आयात केलेलं, एक कधीच न हललेलं, बाकीची कशीही. जिरात प्रत्येकाचा हिस्टरी टॅब उघडा, स्थितीनुसार दिवस कागदावर मोजा आणि मध्यांतर टेबलाशी लावून पाहा. तासाभराचं काम आहे. पहिल्या फेरीत दहाची दहा जुळली तर निवडलेली तिकिटं फारच सोपी होती. अजून वाकडी शोधा.